शहराने सैनिक ‘दिले’ म्हणजे काय केले?

महात्मा फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली, तेव्हा ती अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील भल्या लोकांना अर्पण केली. गुलामांच्या मुक्तीसाठी त्या लोकांनी जी निरपेक्ष वृत्ती आणि जो स्वार्थत्याग दाखवला, त्याविषयीचा आदर आणि आपल्या देशबांधवांनीही तोच कित्ता गिरवावा ही इच्छा, असा त्या अर्पणपत्रिकेचा आशय आहे. मराठी वाचकाला ती परिचित आहे. जोतीरावांची दृष्टी पुण्याच्या वेशीबाहेर किती दूर पोचली होती याचा दाखला म्हणून ती व्याख्यानांतून नेहमी सांगितली जाते, आणि ते योग्यच आहे. मात्र ती वाचताना एक प्रश्न आम्ही कधी विचारला नव्हता. हे भले लोक म्हणजे नेमके कोण?

प्रश्न सुचण्याचे निमित्त एक साधे क्रियापद झाले. अमेरिकेतील यादवी युद्धाविषयी (१८६१ ते १८६५) वाचू लागले की अमुक राज्याने इतके सैनिक दिले, अमुक शहराने इतक्या पलटणी दिल्या, अशी वाक्ये पानोपानी भेटतात. न्यूयॉर्क राज्याने चार लाखांहून अधिक माणसे दिली. उत्तरेतील कोणत्याही राज्याने इतकी दिली नाहीत. त्यांत न्यूयॉर्क शहराचा वाटा मोठा होता. पण ‘दिली’ म्हणजे काय केले? शहर काही आई नव्हे की पोटचा मुलगा रणात धाडील. ज्यांच्याकडे देण्यासारखे होते त्यांनी काय दिले, आणि जे दिले गेले त्यांना कोणी विचारले होते काय? त्या चार वर्षांतील न्यूयॉर्क या प्रश्नाचे एक उत्तर देत नाही, चार उत्तरे देते. ती चारही पाहिल्यावाचून जोतीरावांच्या अर्पणपत्रिकेचे मोल पुरते कळत नाही, असे आमचे मत झाले आहे.

युद्धापूर्वीचे न्यूयॉर्क हे दक्षिणेचे शत्रू नव्हते. तिचे सावकार होते. १८६० साली मॅनहॅटनची वस्ती आठ लाखांवर गेली होती आणि जवळजवळ निम्मी माणसे परदेशांत जन्मलेली होती. त्यांत आयरिश सर्वांत अधिक, त्यांच्यामागे जर्मन. शहराचा व्यापार मोठ्या अंशी कापसावर चाले. गुलामांनी पिकवलेल्या कापसाला कर्ज, विमा, जहाजे आणि अडत न्यूयॉर्कच्या पेढ्या पुरवीत. म्हणूनच दक्षिणेतील राज्ये फुटून निघू लागली तेव्हा जानेवारी १८६१ मध्ये महापौर फर्नांडो वुड यांनी नगरसभेपुढे एक विलक्षण सूचना मांडली : न्यूयॉर्कनेही संघराज्यातून बाहेर पडावे, स्वतंत्र नगर व्हावे आणि दोन्ही बाजूंशी व्यापार चालू ठेवावा. सूचना अमलात आली नाही. पण तीन महिन्यांनी जे शहर देशभक्तीने उचंबळून आले, तेच शहर जानेवारीत काय हिशेब करीत होते हे विसरता कामा नये.

१२ एप्रिल १८६१ रोजी सम्टर किल्ल्यावर तोफा डागल्या गेल्या, आणि १५ तारखेला अध्यक्ष लिंकन यांनी तीन महिन्यांसाठी ७५,००० माणसांची मागणी केली. मराठीत ‘भरती’ हा शब्द सैन्याला आणि समुद्राला दोघांनाही लागतो. त्या आठवड्यातील न्यूयॉर्कला तो दोन्ही अर्थांनी लागू पडतो. ‘हेरल्ड’ हे दक्षिणेविषयी मवाळ लिहिणारे वृत्तपत्र. जमावाने त्याच्या कचेरीसमोर जमून राष्ट्रध्वज लावण्याची मागणी केली, आणि ध्वज लागला. १९ तारखेला सातवी रेजिमेंट, म्हणजे शहरातील सुखवस्तू घरांतील तरुणांची नागरी पलटण, ब्रॉडवेवरून राजधानीच्या रक्षणासाठी निघाली. गच्च्यांवरून रुमाल हलले. २० तारखेला युनियन स्क्वेअरमध्ये सभा भरली. एक लाखावर माणसे जमली असे त्या वेळचे अंदाज आहेत. सम्टरवरून आणलेला ध्वज तेथील वॉशिंग्टनच्या अश्वारूढ पुतळ्याच्या हाती दिला गेला होता, किल्ल्याचे सेनाधिकारी मेजर अँडरसन स्वतः हजर होते, आणि वक्त्यांत कोण असावे? तेच फर्नांडो वुड. या सभेतून निघालेल्या संरक्षण समितीत शहरातील बडे व्यापारी होते. पलटणी उभारणे, त्यांना सामग्री पुरवणे आणि मागे राहिलेल्या कुटुंबांना साहाय्य करणे ही कामे तिने हाती घेतली.

व्यापाऱ्यांचे हे मतपरिवर्तन ढोंग होते असे आम्हांस म्हणायचे नाही. राष्ट्र मोडले तर दक्षिणेकडील येणी बुडतील ही भीती आणि राष्ट्र मोडू नये ही तळमळ, या दोन गोष्टी एकाच मनात सुखाने नांदू शकतात. सैनिक मिळवण्याचा हा पहिला मार्ग : गर्दी. गर्दीत माणूस एकटा विचार करीत नाही, आणि मागे राहणे हेच धाडसाचे वाटू लागते.

दुसरा मार्ग होता जातभाईंचा. त्या काळी पलटण उभी करणे हे बहुतांशी खासगी उद्योगासारखे होते. वजनदार माणसाने परवानगी मिळवावी, आपल्या लोकांत फिरून माणसे जमवावीत आणि कर्नल व्हावे. त्यामुळे शहरातील मोहल्ले जसेच्या तसे पलटणींत उतरले. जर्मनांच्या पलटणी निघाल्या. इटालियन, हंगेरियन, फ्रेंच अशा अनेकांची मिळून ‘गॅरिबाल्डी गार्ड’ झाली. शहराच्या स्वयंसेवी अग्निशामक दलांतून एल्मर एल्सवर्थ यांनी अकरावी पलटण उभी केली. आणि आयरिशांची एकोणसत्तरावी. तिचे कर्नल मायकेल कॉर्कोरन यांच्यावर तेव्हा लष्करी खटला चालू होता, कारण १८६० साली इंग्लंडचा युवराज शहरात आला असता त्याच्या मानवंदनेसाठी पलटण बाहेर काढण्यास त्यांनी नकार दिला होता. युद्ध सुरू होताच खटला गुंडाळला गेला आणि २३ एप्रिलला पलटण निघाली. पुढे टॉमस फ्रान्सिस मार यांनी आयरिश ब्रिगेड उभारली. १८४८ च्या आयरिश उठावाबद्दल त्यांना फाशीची शिक्षा झाली होती, ती बदलून टास्मानियाला हद्दपारी झाली, आणि तेथून निसटून ते न्यूयॉर्कला आले होते.

या माणसांना लढायला काय सांगितले गेले? संघराज्य वाचवा, हे तर होतेच. पण त्याखाली आणखी एक वचन होते : ज्या शहरात तुम्हांला नोकरीच्या पाट्यांवर मज्जाव होतो, तेथे रक्त सांडून नागरिकत्व सिद्ध करा, आज येथे कवायत शिका, उद्या आयर्लंडच्या कामी येईल. हे वचन खोटे नव्हते, पण फार महाग होते. १३ डिसेंबर १८६२ रोजी फ्रेडरिक्सबर्गच्या टेकडीवर आयरिश ब्रिगेड चालून गेली. सुमारे बाराशे माणसांपैकी पाचशेहून अधिक ठार वा जखमी झाली अथवा बेपत्ता राहिली.

याच भरतीच्या दिवसांत एका समाजाने मात्र हात वर करूनही त्याला घेतले गेले नाही. शहरातील कृष्णवर्णीय तरुण १८६१ मध्ये सैन्यात जाण्यास तयार होते. त्यांना सांगण्यात आले की हे युद्ध गोऱ्यांचे आहे. शहर जेव्हा ‘देते’ तेव्हा कोणाचे घ्यायचे हेही तेच ठरवते, ही नोंद येथे करून पुढे जाऊ.

ओहोटी लागायला फार काळ लागला नाही. मृतांच्या याद्या वृत्तपत्रांतून येऊ लागल्या. ऑक्टोबर १८६२ मध्ये मॅथ्यू ब्रेडी यांच्या ब्रॉडवेवरील चित्रशाळेत अँटिएटमच्या रणांगणावरील प्रेतांची छायाचित्रे मांडली गेली. ज्या रस्त्यावरून पलटणी वाजतगाजत गेल्या, त्याच रस्त्यावर लोक आता जिना चढून मेलेल्यांचे चेहरे पाहू लागले. स्वखुशीने येणारे आटले. मग ३ मार्च १८६३ रोजी सक्तीच्या भरतीचा कायदा झाला. २० ते ४५ वयाच्या पुरुषांची नोंद व्हायची, सोडत निघायची, आणि नाव निघालेल्याला दोन पळवाटा : ३०० डॉलर भरून सुटका, किंवा आपल्या जागी दुसरा माणूस उभा करणे. मुंबईच्या गिरणीत ‘बदली’ हा शब्द ज्यांनी ऐकला आहे त्यांना दुसरी पळवाट समजावून सांगावी लागणार नाही. फरक इतकाच, की येथे बदलीवाला मरायलाही बदली होता. तीनशे डॉलर म्हणजे साध्या मजुराची जवळपास वर्षाची कमाई.

सोडत हा तिसरा मार्ग. न्यूयॉर्कमध्ये ती शनिवारी, ११ जुलै १८६३ रोजी सुरू झाली. रविवारी नावे वृत्तपत्रांत आली, आणि सोमवारी सकाळी थर्ड ॲव्हेन्यूवरील भरतीची कचेरी जळाली. हल्ल्यात पुढे होते एका स्वयंसेवी अग्निशामक दलाचे जवान, कारण त्यांच्यातील एकाचे नाव सोडतीत निघाले होते. दोन वर्षांपूर्वी अशाच दलांनी आपली अख्खी पलटण उभी केली होती. चार दिवस शहर जमावाच्या हाती होते. सुमारे १२० मृत्यूंची नोंद आहे. शेवटी गेटिसबर्गच्या मोहिमेवर गेलेल्या पलटणी परत बोलवाव्या लागल्या. त्यांत ब्रॉडवेवरून रुमालांच्या गर्दीत निघालेली सातवी रेजिमेंटही होती. या वेळी ती आपल्याच शहरावर बंदुका रोखून उभी राहिली.

या दंग्याविषयी लिहिताना दोन प्रकारचे सोपेपण आढळते, आणि दोन्ही आम्हांस मान्य नाहीत. पहिले सोपेपण त्या वेळच्या प्रतिष्ठितांचे : हे सगळे अडाणी, दारुडे आयरिश, त्यांना देश कळत नाही. ज्या घरांतील माणसे फ्रेडरिक्सबर्गला पुरली गेली त्या घरांना हे सांगणे निर्लज्जपणाचे होते. श्रीमंताच्या मुलाचा जीव तीनशे डॉलरला सुटतो आणि आमचा सुटत नाही, ही तक्रार तंतोतंत खरी होती.

दुसरे सोपेपण अलीकडचे आणि आपल्याकडे अधिक प्रिय : हा गरिबांचा उठाव होता, वर्गसंघर्षाची ठिणगी होती. तसे असते तर जमावाने श्रीमंतांची घरे लुटून समाधान मानले असते. काही घरे लुटलीही गेली. पण त्याच सोमवारी जमाव फिफ्थ ॲव्हेन्यूवरील कृष्णवर्णीय मुलांच्या अनाथालयावर गेला. आत २३३ मुले होती. मागच्या वाटेने ती बाहेर काढली गेली म्हणून वाचली. इमारत जळून गेली. रस्त्यांत किमान अकरा कृष्णवर्णीय पुरुषांना जमावाने ठार मारले, काहींना दिव्यांच्या खांबांना लटकावले. आदल्याच महिन्यात गोदी कामगारांचा संप मोडण्यासाठी मालकांनी कृष्णवर्णीय मजूर आणले होते. तो राग धुमसत होता. राग मालकावर आणि काठी मात्र त्याने आणलेल्या मजुरावर! अन्याय झालेला माणूस आपल्याहून दुबळा कोण हे फार चटकन ओळखतो. हे आपल्याला अपरिचित नाही. जोतीरावांना तर मुळीच नव्हते. १८६० साली शहरात साडेबारा हजारांच्या आसपास कृष्णवर्णीय लोक होते. १८६५ पर्यंत ते दहा हजारांच्या खाली आले. जे गेले त्यांपैकी कितीतरी जणांना त्या चार दिवसांनी हुसकावले होते.

दंग्यानंतर ऑगस्टमध्ये, सुमारे दहा हजार सैनिकांच्या पहाऱ्यात सोडत पुन्हा झाली आणि शांततेत पार पडली. शांततेचे कारण केवळ संगिनी नव्हत्या. शहराला चौथा मार्ग सापडला होता : पैसा. काऊंटीच्या पर्यवेक्षक मंडळाने, ज्यात टॅमनी हॉलचे विल्यम ट्वीड यांचा शब्द चाले, रोखे विकून मोठा निधी उभारला. नाव निघालेला गरीब कुटुंबवत्सल असला तर त्याच्या बदल्याचे पैसे काऊंटी भरणार. ट्वीड पुढे भ्रष्टाचाराबद्दल तुरुंगात गेले आणि तेथेच वारले. तरीही हे मान्य करावे लागते की केंद्र सरकारच्या कायद्याला जी दया सुचली नाही ती या लाचखाऊ माणसाच्या मंडळाला सुचली. राजकारणात अशा गमती होतात.

पण बदली आणायचा कोठून? शहराने भाव वाढवला. काऊंटीचे ३०० डॉलर, वर राज्याची आणि केंद्राची रक्कम. सिटी हॉलसमोरच्या बागेत भरतीचे मांडव पडले, आणि नव्या माणसाला सगळे मिळून ६७७ डॉलर अशी जाहिरात झळकू लागली. जेथे भाव तेथे दलाल. दलालांनी माणसे पटवली, पाजली, फसवली आणि त्यांच्या रकमेतील मोठा हिस्सा स्वतःच्या खिशात घातला. काही महाभागांनी पैसे घेऊन पळायचे, नाव बदलून दुसरीकडे पुन्हा भरती व्हायचे, असा धंदाच केला. परदेशांतून येणारी जहाजे मॅनहॅटनच्या टोकाला, कॅसल गार्डनपाशी रिकामी होत. भरती करणारे तेथेही वाट पाहत असत. मार्टिन स्कॉर्सेसी यांच्या २००२ सालच्या ‘गँग्ज ऑफ न्यूयॉर्क’ या चित्रपटात एक दृश्य आहे : जहाजातून उतरलेले आयरिश धक्क्यावरच सही करतात, गणवेश चढवतात आणि दुसऱ्या जहाजावर चढतात, त्याच वेळी त्या जहाजातून शवपेट्या उतरत असतात. चित्रपटाने काळ आवळला आहे हे उघड आहे, पण व्यवहार त्याने खोटा दाखवलेला नाही. शहर आपला आकडा पुरा करीत होते. आकड्यात कोण आहे हे पाहण्याचे त्याला कारण उरले नव्हते.

गर्दी, जातभाई, सोडत आणि पैसा : हे ते चार मार्ग. यांपैकी कशाला ‘देणे’ म्हणावे?

आमचे उत्तर ५ मार्च १८६४ या दिवसापाशी सापडते. दंग्याला आठ महिनेही झाले नव्हते. राज्याचे गव्हर्नर होरेशिओ सीमर यांनी कृष्णवर्णीय पलटणीला अनुमती देण्याचे टाळले होते. शहरातील युनियन लीग क्लबने थेट युद्धखात्याकडून ती मिळवली, आणि विसावी कृष्णवर्णीय पलटण रायकर्स बेटावर उभी राहिली. बेटावर दलालांनी त्यांनाही लुटले. तेराऐवजी दहा डॉलर पगार, त्यातून कपड्यांचे तीन कापून हातात सात. समान वेतनाचा निर्णय जूनपर्यंत झाला नव्हता. हाती पडले तर युद्धकैदी म्हणून वागवले जाण्याची खात्री नाही, कारण दक्षिणेच्या लेखी ते सैनिक नव्हतेच. अशी हजारेक माणसे त्या दिवशी युनियन स्क्वेअरमध्ये आली, कोलंबिया कॉलेजचे अध्यक्ष चार्ल्स किंग यांच्या हस्ते त्यांनी ध्वज स्वीकारला, आणि ब्रॉडवेवरून चालत ती न्यू ऑर्लिन्सला जाणाऱ्या जहाजाकडे गेली. ज्या शहराने तीन वर्षांपूर्वी त्यांना नको म्हटले, आठ महिन्यांपूर्वी त्यांच्या मुलांचे छप्पर जाळले, त्याच शहराच्या नावे ती मोजली गेली.

क्लबच्या सभासदांचे धैर्य कमी लेखू नये. त्या शहरात तसे उभे राहणे सोपे नव्हते. शहर तेव्हाही बदलले होते असे नाही. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरच्या निवडणुकीत लिंकन यांना न्यूयॉर्क शहरात प्रतिस्पर्ध्याच्या निम्मीच मते पडली. पण ‘देणे’ हे क्रियापद जर कोणाला शोभत असेल, तर ते रायकर्स बेटावरून आलेल्या त्या माणसांना. ज्याच्यापाशी शहराने काही ठेवले नव्हते त्याने शहराला दिले. यांतही काही सोडतीच्या आणि पैशाच्या दडपणाखाली आले असतील. तरी स्वतःच्या लोकांच्या मुक्तीसाठी लढण्याचे कारण त्यांना कोणी विकत घेऊन द्यावे लागले नव्हते.

साहित्याच्या वाचकाला येथे एक गोष्ट जाणवते. या शहराचे दोन मोठे कवी दंग्याच्या दिवसांत शहरात नव्हते. व्हिटमन जखमी भावाच्या शोधात डिसेंबर १८६२ मध्ये फ्रेडरिक्सबर्गला गेले, आणि मग वॉशिंग्टनच्या रुग्णालयांत सैनिकांच्या उशाशी बसून राहिले. ‘ड्रम-टॅप्स’ (१८६५) हा संग्रह नगाऱ्यांपासून सुरू होऊन जखमांपाशी येतो तो त्यामुळे. मेल्व्हिल यांनी दंग्याच्या रात्रीवर गच्चीवरून पाहिल्यासारखी कविता लिहिली (तिचा समावेश १८६६ च्या ‘बॅटल-पीसेस’मध्ये आहे), पण तेव्हा ते मॅसॅच्युसेट्समध्ये राहत होते. आम्ही याला दोष मानत नाही. गच्चीची उंची कवितेला लागतेच. परंतु रस्त्यावरच्या माणसाचा शब्द त्या उंचीवर पोचत नाही, आणि बेटावरच्या माणसाचा तर नाहीच.

आता आपल्या किनाऱ्याकडे येऊ. न्यूयॉर्कचे गोदाम ज्या कापसाला मुकले, त्याची जागा भरून काढताना मुंबईचे सोने झाले. १८६१ ते १८६५ या काळात मुंबईच्या बाजाराने युद्धाकडे पाहिले ते कापसाच्या भावाच्या भिंगातून. प्रेमचंद रायचंद आणि बॅकबे रेक्लमेशनच्या समभागांचा तो काळ. एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेचा सेनापती शरण आला, आणि जुलैपर्यंत मुंबईच्या पेढ्या धडाधड कोसळल्या. युद्ध लांबावे यात या शहराचा स्वार्थ होता हे कबूल करायला हरकत नाही. गुलामांच्या मुक्तीची वार्ता मुंबईच्या बाजारात दिवाळखोरीची वार्ता म्हणून पोचली.

ती वार्ता पुण्यात एका माणसाने निराळ्या अर्थाने ऐकली. आठ वर्षांनी त्याने आपले पुस्तक अर्पण केले ते कोणा अध्यक्षाला, सेनापतीला वा शहराला नव्हे, भल्या लोकांना. ‘भले’ हा तत्कालीन इंग्रजीतील शिष्टाचाराचाही शब्द असू शकेल. आम्ही मात्र तो निवडीचा शब्द म्हणून वाचू इच्छितो. सगळे भले नव्हते. शहर तर नव्हतेच. त्याने हिशेब केला, जल्लोष केला, जाळपोळ केली, भाव ठरवला. भले होते ते त्याच गर्दीत विखुरलेले : अनाथालयाची मुले मागच्या वाटेने बाहेर काढणारे, क्लबमध्ये ठराव आणणारे, आणि सात डॉलरवर न्यू ऑर्लिन्सच्या जहाजात चढणारे. अर्पणपत्रिका वाचताना यांपैकी शेवटच्यांना आपण बहुधा विसरतो. मुक्ती कोणीतरी वरून दिली आणि कोणीतरी खालून घेतली असे मनात धरून वाचतो. शूद्रातिशूद्रांनी स्वतः शिकावे, स्वतः उठावे, असे जन्मभर सांगणाऱ्या माणसाचे पुस्तक तसे वाचणे हा त्याच्यावर अन्याय आहे.